होल्डवरची आरती

सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि पावणेदोन वर्षं राहिल्या. यात त्यांचा दोष नव्हता आणि आमचाही नव्हता. मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, आम्ही नवं घर घेतलं होतं. वास्तुशांत उरकायची, गावाकडे दाखवायला चार फोटो काढायचे आणि इथली थंडी सुरू व्हायच्या आत परत फिरायचं, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात विमानं बंद झाली.

मी एका विमा कंपनीत फोनवर क्लेम घेते. कुणाचं छप्पर गळतं, कुणाच्या गाडीवर झाड पडतं, ती माणसं मला फोन करतात. लॉकडाऊन लागल्यावर ऑफिस आमच्या तिसऱ्या बेडरूममध्ये आलं. नवरा गोदामात डिस्पॅचला, त्यामुळे तो शिफ्टला जायचाच. घरात उरलो मी आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. आमच्यात एक करार झाला होता. माझे कॉल चालू असताना आईंनी मिक्सर लावायचा नाही, घरात गायचं नाही आणि गावाकडच्या फोनवर हसायचं नाही. हसण्याचं कलम नंतर घातलं. एकदा एक बाई मला रडत रडत सांगत होत्या की त्यांच्या हॉलचं पीओपी कोसळलं, आणि दोन खोल्या पलीकडून आई खदाखदा हसल्या. मला वरिष्ठांकडे लेखी खुलासा द्यावा लागला.

त्यामुळे आईंचं गाणं मागच्या अंगणात गेलं. अंगण म्हणजे चार खाटा मावतील एवढी जागा आणि तिन्ही बाजूंनी पत्र्याचं उंच कुंपण. तिथे त्यांनी मेथी पेरली होती. दुपारी मेथीपाशी खुर्ची टाकून त्या रियाज करायच्या. इथल्या मराठी मंडळींनी दुसऱ्या वर्षीही गणपती ऑनलाइन करायचं ठरवलं होतं आणि पहिल्या दिवसाची आरती आईंकडे आली होती. आरती त्यांच्या माहेरच्या गावची, सांगलीकडची. शब्द तिथल्या बायकांनी बसवलेले. चाल मात्र त्यांच्या वडिलांची. वडील गावातल्या बँडचे मास्तर होते, क्लॅरिनेट वाजवायचे. "बाबांनी नवं क्लॅरिनेट आणलं त्याच वर्षी ही चाल बांधली," असं आई सांगायच्या, आणि मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढची वाक्यं मीच पूर्ण करायचे.

एका दुपारी माझा ब्रेक होता. हेडसेट गळ्यात अडकवून मी चहा घेऊन बाहेर आले. आई ऐन रंगात होत्या. अचानक शेजारच्या बाजूने कुंपणावर धाडधाड आवाज झाला. मला वाटलं, झालं, आता आवाजाची तक्रार. कुंपणाच्या वर आधी एक पांढरी झुलपं असलेलं डोकं आलं, मग मास्क, मग मास्क खाली ओढणारा एक हात.

शेजारी एक नर्स राहायची, तिच्याकडे तिचे वडील नुकतेच राहायला आले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, लंबूटांग. बादली पालथी घालून ते तिच्यावर उभे होते.

"लव्ह," ते मला म्हणाले, म्हातारे लोक कुणालाही म्हणतात तसं, "तुमच्या सासूबाई माझं गाणं कशा काय गातायत?"

मी म्हटलं, "हे देवाचं गाणं आहे. आरती."

"असेल. पण चाल आमची आहे." आणि त्यांनी एका हाताने कुंपण धरून, दुसऱ्या हाताने पत्र्यावर ठेका धरत ती चाल इंग्रजीत म्हणून दाखवली. आरतीपेक्षा दुप्पट वेगाने.

ती चाल मला चांगलीच माहीत होती. आमच्या कंपनीत फोन लावला की लोकांना होल्डवर जे गाणं ऐकू येतं, ते हेच. त्या काळात होल्डवर तास तास जायचा. लोक माझ्याशी बोलायला लागले की पहिल्यांदा गळकं छप्पर सांगायचे नाहीत, पहिल्यांदा त्या गाण्याला शिव्या घालायचे. रोज ते गाणं मी तुकड्यातुकड्यांत ऐकत होते, आणि रोज दुपारी अंगणातून आरती ऐकत होते. वेग वेगळा असल्यामुळे दोन्ही एकच आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"काय म्हणतोय तो साहेब?" आईंनी विचारलं.

आई सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. पण त्यांचं इंग्रजी 'नंबर प्लीज' आणि 'होल्ड द लाइन' इथे संपतं, असा माझा समज होता. या दीड वर्षात त्या इथे कुणाशी इंग्रजीत बोलल्या नव्हत्या. त्यामुळे दुभाषी मीच.

"ते म्हणतायत, तुमचा आवाज गोड आहे," मी म्हटलं. "आणि ही चाल त्यांच्या बँडची आहे."

आई खुर्चीतून उठल्या. "त्याला सांग, ही माझ्या वडिलांची चाल आहे. कोहिनूर नेलात तेवढा पुरे झाला."

मी शेजारच्या आजोबांना सांगितलं, "त्या म्हणतात, चाल त्यांच्या घरातली आहे."

पहिल्या दिवशी मी एवढंच केलं. दोन्ही बाजूंचं टोक जरा बोथट केलं. शेजारधर्म म्हणून.

पुढचे काही दिवस दुपारी तीनच्या सुमाराला कुंपणावर टकटक व्हायची. आम्ही दीड मीटर अंतर राखून उभे राहायचो आणि आजोबा बादलीवरून त्यांचा इतिहास सांगायचे. इंग्लंडच्या उत्तरेला एका बंदराच्या गावातली पाच पोरं. एकाचे वडील गोदीत, एकाचे गिरणीत. साठच्या दशकात तिकडे गल्लोगल्ली बँड निघत होते, तसाच यांचाही निघाला. आजोबा दुसरी गिटार वाजवायचे. "पहिली गिटार वाजवणाऱ्याकडे मुली बघायच्या. माझ्याकडे त्यांच्या आया बघायच्या," ते म्हणाले. एक मॅनेजर मिळाला, त्याने सगळ्यांना एकसारखे कोट शिवले, एकसारखे केस कापायला लावले आणि तीन वर्षं एका बसमधून हिंडवलं. त्या बसमध्ये असे चार बँड असायचे, आणि हीटर एकच. तीन गाणी गाजली. आमच्या होल्डवरचं त्यातलं पहिलं.

"मेलबर्नलाही आलो होतो," ते म्हणाले. "विमानतळापासून हॉटेलपर्यंत पोरी उभ्या होत्या. माझी एक बाही फाडून नेली. अजून कुणाच्या तरी कपाटात असेल."

"मग वाजवायचे का थांबलात?" मी विचारलं.

"आम्ही कुठे थांबलो? लोकांचं ऐकणं थांबलं. केस वाढवायची फॅशन आली, तोवर आमचे कापलेले. मग गाणाऱ्याला वाटलं, आपल्याला या चौघांची गरज नाही. मग आम्हा चौघांना वाटलं, आपल्याला याची नाही. दोघांचंही चुकलं."

बँड फुटल्यावर ते बायकोला घेऊन इकडे आले, कायमचेच, आणि चाळीस वर्षं लोकांच्या घरात किचनची कपाटं बसवली. "मेलबर्नमधल्या निम्म्या बायका मला कपाटवाला म्हणून ओळखतात," ते म्हणाले. "आणि उरलेल्या निम्म्या होल्डवर."

ही होल्डची बातमी मीच दिली होती. त्यांना ती माहीत नव्हती. ऐकून ते माझ्याकडून कंपनीचा नंबर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या टीमच्या चॅटवर एका सहकारिणीने लिहिलं की आज एक विचित्र म्हातारा फोनवर आला होता. पाऊण तास थांबला, तिने उचलल्यावर म्हणाला, "मला पुन्हा होल्डवर टाकतेस का, शेवटचं कडवं राहिलंय."

आता माझ्या पापाकडे येते. लॉकडाऊनमध्ये आमचं जग पाच किलोमीटरचं होतं. त्यात एक सुपरमार्केट, एक तळं, दोन इंडियन ग्रोसरी. बाकी बारा तास छपरं आणि पीओपी. अशात रोज तीन वाजता दोन म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची आणि मी जे बोलेन ते खरं मानायची. मोह झाला. आधी बोथट करत होते, आता मी धार लावायला लागले.

आजोबा म्हणाले, "त्यांचे वडील चांगले वादक असणार." मी आईंना सांगितलं, "ते म्हणतात, बँडमास्तरला चाल बांधता येत नाही, फक्त वाजवता येते."

आई म्हणाल्या, "वडिलांची आठवण येते हो ही गाताना." मी आजोबांना सांगितलं, "त्या म्हणतात, घरात वकील आहेत. गावी गेल्यावर बघू."

आजोबा बादलीवर एकदम ताठ झाले. "वकील?"

"दोन," मी म्हटलं. "एक हायकोर्टात."

आईंच्या घराण्यात वकील सोडा, वकिलाचा कारकूनही नाही. पण त्या संध्याकाळी आजोबांनी त्यांच्या झाडाची अर्धी पिशवी लिंबं कुंपणावरून खाली सोडली, तडजोड म्हणून. मी आईंना सांगितलं, हरल्याची कबुली आहे. आईंनी लोणचं घातलं आणि अर्धी बरणी परत पाठवली. "सांग त्याला, माफ केलं." मी आजोबांना सांगितलं, लोणच्याचा एक तुकडा पाणी न पिता खाल्लात तर तुमची चाल मान्य. त्यांनी मोठा तुकडा उचलून खाल्ला. मग ते बादलीवरून खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

मग पुरावे सुरू झाले. आजोबांनी एक जाडजूड चिकटवही आणली. वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणं, कार्यक्रमांच्या जाहिराती, एक मोठा फोटो. फोटोत पाच पोरं लष्करी थाटाच्या कोटात, खांद्यावर झालरी, छातीवर सोनेरी दोऱ्या. डाव्या कडेला अर्धे कापले गेलेले ते आजोबा. आईंनी गावाकडे आपल्या भावाला कामाला लावलं. व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. गावच्या चौकात उभा बँड, मध्ये हातात क्लॅरिनेट घेतलेले आईंचे वडील. कोट तसाच. खांद्यावर झालरी, छातीवर दोऱ्या. मी फोन कुंपणावरून पलीकडे दिला. आजोबांनी एका हातात चिकटवही, दुसऱ्या हातात फोन धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले.

"शिंपी एकच होता की काय?" ते म्हणाले.

हे वाक्य इतकं चांगलं होतं की ते मला बदलता येईना. जसंच्या तसं सांगितलं. आई हसल्या नाहीत. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी आमच्या लेटरबॉक्समध्ये एक पाकीट आलं. जाड कागद, टाइप केलेलं इंग्रजी, खाली कुणा सॉलिसिटरची न वाचता येणारी सही. विषय: निवासी अंगणात विनापरवाना जाहीर गायन. आमचे अशील साठच्या दशकातल्या एका सुप्रसिद्ध बँडचे सभासद असून, आपल्या सासूबाईंच्या कुटुंबाने हायकोर्टात जाण्याची धमकी दिल्याचे आपल्याच तोंडून कळल्यामुळे, त्यांना नाइलाजाने खालील पावले उचलावी लागत आहेत. खाली पावलं होती, सात. सातवं असं की या प्रकरणातल्या सर्व संभाषणांचं अधिकृत भाषांतर सादर करावं. आणि शेवटची ओळ: काइंडली डू द नीडफुल.

त्या दुपारी मी एका माणसाचं वाहून गेलेलं गॅरेज दोनदा नोंदवलं. ब्रेकमध्ये नवऱ्याला फोन केला. तो फोर्कलिफ्टच्या आवाजात ओरडून म्हणाला, "हे सीरियस आहे गं. खरं काय ते सांगून टाक. दोघांनाही." त्याला सगळं इतक्या पटकन कसं काय कळलं, हेही मला खटकलं नाही.

तीन वाजता टकटक झाली. आई खुर्चीत बसल्या होत्या, आजोबा बादलीवर होते. मी मध्ये उभी राहिले आणि एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत कबुली दिली. वकील नाहीत. बँडमास्तरांबद्दल ते तसं बोलले नाहीत. लोणच्याची अट माझी. माफी पण माझी, म्हणजे मी मागते. बोलताना मला खरंच रडू यायला लागलं होतं.

दोघांचेही चेहरे दगडासारखे. मग आजोबांनी आईंकडे बघितलं आणि आईंनी, अगदी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत, इंग्रजीत म्हटलं, "शी इज अ गुड गर्ल. ओन्ली, शी वॉज व्हेरी बोअर्ड."

"आई, तुम्हाला इंग्रजी येतं?" मी विचारलं.

"तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली मी," आई मराठीत म्हणाल्या. "कलेक्टरचे ट्रंक कॉल जोडले. लंडन जोडलं, आखात जोडलं. लाइन लागली का बघायला कान लावावा लागायचा, आणि एकदा लावला की लगेच काढता यायचा नाही. माझं बोलणं अडतं गं. ऐकणं कधी अडलेलं नाही. याचा उच्चार जरा वेगळा, म्हणून चार-पाच दिवस लागले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी रंगात आली होतीस. आणि पुढे काय सांगतेस याची मलाही उत्सुकता होती."

चार दिवसांपूर्वी, मी कॉलवर असताना, त्यांनी स्वतःच कुंपण वाजवून आजोबांना सगळं सांगितलं होतं. पत्राची कल्पना आजोबांची, मजकूर आईंचा. सरकारी नोकरीत अशी पत्रं त्यांनी पोत्याने वाचली होती. टाइप केलं आजोबांच्या मुलीने, नाइट शिफ्टवरून आल्यावर, आणि नवऱ्याला तर आदल्या दिवशीच सगळं माहीत होतं. 'डू द नीडफुल' वाचूनही मला कळलं नाही, ऑस्ट्रेलियातला कुठला सॉलिसिटर असं आपल्या कचेरीतलं इंग्रजी लिहील? हे सांगताना आई ज्या हसायला लागल्या, ते हसणं नक्की तळ्यापर्यंत गेलं असेल. आजोबा हसता हसता बादलीवरून घसरले. पलीकडून त्यांचा फक्त आवाज येत राहिला, "आय'म ऑलराइट! नो वरीज!"

ते पुन्हा वर आले, तेव्हा हातात गिटार होती. आता भांडायला काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, पण त्या दिवशी दोघं खरं बोलली.

आधी आजोबा. "चाल आमची नाही," ते म्हणाले. "आमच्या गावात अमेरिकेची जहाजं लागायची. खलाशी रेकॉर्डी आणायचे. त्यात तीन काळ्या मुलींची एक रेकॉर्ड होती, तिकडेही फारशी कुणी न ऐकलेली. आमच्या गाणाऱ्याने ती उचलली. आम्ही वेग वाढवला आणि टाळ्या घातल्या. त्या पोरींना कुणी विचारलंही नाही. मी मात्र पन्नास वर्षं 'आमचं गाणं' म्हणत आलो."

"आणि त्या मुलींनी कुठून घेतली?" आईंनी मला मराठीतच विचारलं. सवयीने.

मी विचारलं. शब्दाला शब्द.

"त्या चर्चमध्ये गायच्या म्हणे. तिथूनच असणार."

आईंनी मेथीची दोन पानं खुडली. मग म्हणाल्या, "म्हणजे देवाच्या दारातून निघाली ती फिरत फिरत देवाच्याच दारात आली. बरंच झालं." आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी लग्नानंतरच्या चौदा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

गावात एक डॉक्टर होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. त्यांना खोकला झाला होता, म्हणून वडील त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. आतल्या खोलीत गाणं लागलं होतं. औषध घेऊन झालं, तरी वडील दारातून हलेनात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल, औषध घ्यायला जाऊ. तिसऱ्या दिवशी पण. "माझा खोकला दोन दिवसांत गेला होता. तरी आठवडाभर मला खोकायला लावलं," आई म्हणाल्या. "डॉक्टर काही खुळे नव्हते. आम्ही आलो की तीच रेकॉर्ड लावायचे. आठव्या दिवशी बाबांनी ती क्लॅरिनेटवर पुरी काढली. गणपतीत वाजवली. लोक म्हणाले, मास्तरांची चाल. बाबा नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. मग गाव म्हणतं तेच मी म्हणत आले. मुलीने दुसरं काय म्हणायचं?"

हे मी आजोबांना सांगितलं. सांगताना आई माझ्यावर कान ठेवून होत्या. एका ठिकाणी त्यांनी मला दुरुस्तही केलं. खोकला सात दिवस, आठ नाही.

आजोबा म्हणाले, "पण एक आहे. तिसऱ्या ओळीत त्या जे करतात, ते आमच्यात नाही. अमेरिकेच्या पोरींच्यातही नाही."

तिसऱ्या ओळीच्या शेवटी आई स्वर खाली न आणता वर एक छोटासा वळसा घेतात आणि मग उतरतात. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते बाबांचं. मिरवणुकीत त्या जागी दम घ्यावा लागायचा. दुसरा वादक दम घेईपर्यंत बाबा तो वळसा भरून काढायचे."

"मग ती जागा नक्की त्यांची," आजोबा म्हणाले. "वकील नको. मी कबूल करतो." आणि ते गिटारीवर ती जागा शोधायला लागले. बोटं आखडलेली, तार दाबली जाईना. आई या बाजूने गाऊन दाखवायच्या, ते चुकायचे, आई "नो, नो, वन्स मोअर" म्हणायच्या. माझा ब्रेक संपून वीस मिनिटं झाली होती. मी आत जाऊन हेडसेट लावला. पहिला कॉल घेतला, तर पलीकडचा माणूस म्हणाला, हे गाणं बंद का करत नाही तुम्ही? मी खिडकी उघडीच ठेवली होती.

गणपतीच्या पहिल्या दिवशी आम्ही लॅपटॉप अंगणात मांडला. पडद्यावर पन्नासेक घरं, सिडनीच्या स्कोफिल्ड्सपासून पर्थपर्यंत. आई नऊवारी नेसल्या होत्या, खाली उबदार मोजे. आरती सुरू झाली आणि कुंपणाच्या वर बो टाय लावलेलं एक डोकं आणि एक गिटार आली. तिसऱ्या ओळीचा वळसा त्यांनी अगदी नीट घेतला. कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं, मागे उभे असलेले काका कोण? नवऱ्याने उत्तर दिलं, आईंच्या माहेरचे.

ऑक्टोबरात, इथला वसंत अर्धा सरला आणि लॉकडाऊन उठला. विमानं सुरू होणार अशी बातमी आली, आणि आईंचं तिकीटही आलं. त्या जायच्या आधीच्या रविवारी आजोबांची मुलगी एक पत्रक घेऊन आली. जवळच्या एका क्लबात दुपारचा शो. आजोबांच्याच बँडच्या नावाचा. नाव कधीतरी कुणीतरी विकत घेतलं होतं आणि आता पाच नवी माणसं त्या नावाने क्लबांतून आणि जहाजांवरून गाणी म्हणत हिंडत होती. मूळचा त्यात एकही नाही.

"तुम्हाला चालेल का?" मी आजोबांना विचारलं.

"आमच्यापेक्षा चांगले वाजवत असतील तर चालणार नाही," ते म्हणाले.

आम्ही पाचजण गेलो. दारात लशीची सर्टिफिकेटं दाखवली. आत सगळी पांढरी डोकी, नाकाखाली उतरलेले मास्क, टेबलांवर चिप्सच्या बशा. स्टेजवर पाच माणसं तसेच कोट घालून आली. त्यातला सगळ्यात म्हाताराही त्या गाण्याहून लहान असेल. पहिलंच गाणं लागलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आजोबांना कोपराने ढोसलं. "तुम्ही खऱ्यांना कधी पाहिलंय?"

आजोबांची मुलगी काहीतरी बोलणार, तोच ते म्हणाले, "एक-दोनदा. वेळेवर कधीच यायचे नाहीत."

"पण दिसायला?"

"दुसरी गिटार वाजवणारा फार देखणा होता," आजोबा म्हणाले. आईंनी घाईघाईने चिप्स तोंडात घातल्या.

बाई म्हणाल्या, त्यांची मोठी बहीण त्या वेळी हॉटेलखाली रात्रभर उभी होती, आणि वडिलांनी तिला आठवडाभर घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आजोबांनी विचारलं, बहीण कशी आहे? बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी गेली. आजोबांनी आपल्या चिप्सची बशी त्यांच्याकडे सरकवली. तिसरी ओळ आली, स्टेजवरचे पाचजण स्वर सरळ खाली घेऊन गेले, आणि आमच्या टेबलावर मात्र दोघं हळू आवाजात वर गेली आणि मग उतरली. त्या बाईंनी चमकून बघितलं.

शो संपल्यावर आजोबांनी स्टेजपाशी जाऊन गाणाऱ्याकडे सही मागितली. तो पोरगा चांगला होता. नाव काय लिहू, म्हणून विचारलं. आजोबांनी आईंकडे बोट दाखवलं. आईंनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर इंग्रजीत, एक्स्चेंजमध्ये सांगायच्या तसं. पोरग्याने दोनदा विचारून बरोबर लिहिलं.

पाच वाजता घरी आलो. लख्ख ऊन होतं अजून. आजोबा आपल्या गेटकडे वळले, तेव्हा आईंनी त्यांना हाक मारली, "साहेब, ईट अँड गो." मग मला म्हणाल्या, "पिठलं टाक. भाकरी मी थापते. आणि त्याला आधीच सांगून ठेव, ठेचा जपून."

मी तसंच सांगितलं. आजोबांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी ठेचा चमचाभर घेतला.